पाचारण

'पाचारण' हा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळीच्या नित्य परिचयाचा आहे. उपासनेत तो ऐकू येतो, पाळकांच्या दीक्षाविधीत येतो, आणि अतिपरिचयामुळे त्याची धार थोडी बोथटही झाली आहे. घरगुती भाषेत त्याचा अर्थ एवढाच की कोणी तरी नाव घेऊन हाक मारली. हाक ऐकणारे पुष्कळ असतात. 'आलो' म्हणून उत्तर देणारेही कमी नसतात. परंतु हातातले काम खाली ठेवून खरोखर उठणारा विरळा, आणि उठल्यावर पुन्हा त्या कामाकडे वळून न पाहणारा त्याहूनही विरळा.

जुन्या करारात अलीशाची कथा आहे. बारा जोड्यांची नांगरट चालली आहे आणि बाराव्या जोडीमागे अलीशा स्वतः आहे. एलिया संदेष्टा जवळून जाता जाता आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो. अलीशा आईबापांचा निरोप घेण्यापुरती सवड मागतो आणि मग बैल कापून, नांगराच्याच लाकडावर त्यांचे मांस शिजवून, गावच्या लोकांस जेवू घालतो. वाचकाचे लक्ष बहुधा त्या जेवणाकडे जात नाही, झग्याकडे जाते. पण कोकणातल्या शेतकऱ्यास ही गोष्ट सांगून पाहावी. मृगाच्या तोंडावर कोणी आपला नांगर चुलीत घातला असे ऐकले तर तो म्हणेल, ह्या माणसाने परतीची वाटच ठेवली नाही. कथेचे मर्म त्याला पंडितांच्या आधी कळेल.

येशूनेही नांगराचाच दृष्टांत दिला. नांगराला हात घालून मागे पाहणारा माणूस देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही, असा त्याचा आशय आहे. ह्यात रागापेक्षा कामाची माहिती अधिक आहे. नांगरणाऱ्याची नजर समोरच्या खुणेवर नसेल तर तास वाकडे जाते, आणि एक तास वाकडे गेले की पुढची सारी त्याच्यामागून वाकडी जातात. समर्पण म्हणजे डोळे पाणावण्याचा एखादा उत्कट क्षण, अशी जी समजूत सभासंमेलनांतून फैलावली आहे, तिला ह्या दृष्टांतात आधार नाही. तो क्षण खोटा नसतो. पण तो पहिल्या तासाचा क्षण आहे, आणि शेत तर अजून सगळे पडले आहे.

ह्या दृष्टीने पाहण्याजोगे एक चरित्र कुलाब्याच्या किनाऱ्याशी, म्हणजे १९८१ साली ज्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले त्याच्या समुद्रकाठाशी, जोडलेले आहे. ते गॉर्डन हॉल ह्याचे. अहमदनगर व सोलापूर ह्या बाजूस ज्या अमेरिकन मराठी मिशनाचे नाव आजही घेतले जाते, त्याचा हा पाया घालणारा. मिशनच्या इतिहासात त्याला मानाची जागा आहे, पण सामान्य मराठी वाचकास त्याची ओळख जवळजवळ नाही. त्याचे कारणही उघड आहे. त्याच्या हयातीत सांगण्यासारखे यश त्याला आलेच नाही.

हॉलचा जन्म १७८४ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातील टॉलंड गावी झाला. विल्यम्स कॉलेजात व पुढे अँडोव्हर येथील धर्मशाळेत त्याचे शिक्षण झाले. कनेक्टिकट प्रांतात वुडबरी नावाच्या गावी तो काही काळ उपदेश करीत असता तेथल्या मंडळीने त्याला कायमचा पाळक होण्याची विनंती केली. त्या काळच्या न्यू इंग्लंडात अशा बोलावण्याचा अर्थ मोठा होता. राहावयास घर, ठरलेले वेतन, गावात मान, आणि बहुधा मरेपर्यंत तीच मंडळी. म्हणजे हेही एक पाचारणच होते, आणि त्यात वावगे असे काहीही नव्हते. हॉलने ते नाकारले. आपल्याला दूर देशी, जेथे ख्रिस्ताचे नाव पोचले नाही तेथे, जावयाचे आहे असे त्याने सांगितले. पापाला नकार देणे आणि दुसऱ्या चांगल्या कामाला नकार देणे ह्यांत दुसरे अधिक कठीण, हे ज्यांनी आयुष्यात कधी निवड केली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

१८१२ च्या फेब्रुवारीत सेलम येथे पाच तरुणांस दीक्षा मिळाली. जडसन, न्यूएल, नॉट, राइस आणि हॉल. निघण्यापूर्वी हॉल व न्यूएल ह्यांनी फिलाडेल्फियात वैद्यकाचे काही धडे घेतले होते. त्या शिक्षणाचा उपयोग हॉलला पुढे कसा व कोठे झाला, ते यथाक्रम येईलच. ऑगस्टमध्ये तो कलकत्त्यास उतरला, आणि उतरल्याबरोबर कंपनी सरकारने त्याला देश सोडून जाण्याचा हुकूम केला. वेलोरच्या शिपायांनी १८०६ साली केलेले बंड सरकारच्या मनातून गेले नव्हते, आणि पाद्री आले की लोक बिथरतात अशी अधिकाऱ्यांची धारणा होती. त्यात अमेरिका व इंग्लंड ह्यांच्यात त्याच सुमारास युद्ध जुंपले होते. अमेरिकन मनुष्य म्हणजे शत्रूचा मनुष्य. एका वर्षाच्या आत त्या पाच जणांच्या तुकडीची फाटाफूट झाली. जडसन व राइस ह्यांनी बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले व त्यांची वाट वेगळी झाली. न्यूएलची पत्नी हॅरिएट मॉरिशस बेटावर वारली. तिचे वय अवघे एकोणीस होते, आणि तिच्या आधी तिचे नवजात मूल समुद्रावरच गेले होते.

हॉल व नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. तेथेही तोच हुकूम त्यांच्या मागोमाग आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा स्वतः धर्मशील गृहस्थ होता, त्याची सहानुभूती होती, पण वरचा हुकूम मोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. विलायतेस रवाना करण्याची वेळ जवळ आली तेव्हा नोव्हेंबरात हे दोघे एका किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजात बसून गुपचूप कोचीनकडे निघाले. तेथून सिलोन गाठावे असा बेत होता. नॉटची पत्नी मागे मुंबईतच राहिली. मुंबई सोडून दक्षिणेस जाणाऱ्या जहाजाच्या डाव्या हातास प्रथम लागतो तो थळ-अलीबागचा, मग चौल-रेवदंड्याचा आणि मग मुरूड-जंजिऱ्याचा किनारा. ज्या मुलखात पुढे त्यांच्या मिशनाच्या शाळा निघावयाच्या होत्या, तो मुलूख त्यांनी असा पळून जाताना ओलांडला.

ह्या पळण्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. चरित्रकार अशा प्रसंगी लगबगीने पुढे जातात. गव्हर्नराने सौजन्याने वागवलेल्या माणसांनी त्याच्या नकळत निघून जाणे शोभले काय? त्या काळीही ह्याबद्दल त्यांना दोष देण्यात आला, आणि तो दोष सर्वस्वी पोकळ म्हणता येत नाही. ईश्वराची हाक ऐकली असे ज्याला वाटते, त्याला माणसांना दिलेला शब्द हलका वाटू लागण्याचा धोका असतो. भक्तीच्या इतिहासात ह्या धोक्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. हॉलच्या बाबतीत एवढे खरे की कोचीनहून त्यांना परत आणल्यावर तो लपून बसला नाही, की सबबी सांगत राहिला नाही. त्याने नेपियनला लांबलचक विनंतीपत्र लिहिले. त्याचा मतितार्थ असा होता की सुवार्ता सांगण्याची आज्ञा आम्हांला अशा ठिकाणाहून आली आहे की ती रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही, आणि आम्हांस घालवून देणाऱ्यास त्याचा जाब एक दिवस त्याच ठिकाणी द्यावा लागेल. पराधीन, निष्कांचन, शत्रुराष्ट्राच्या माणसाने मुंबईच्या गव्हर्नरास असे लिहावे, हे धाडस होते. आणि ते उघड्या तोंडाचे धाडस होते, कोचीनच्या प्रवासासारखे झाकलेले नव्हते. दोन्हींतले कोणते अधिक कामी आले ते सर्वश्रुत आहे. रवानगी लांबली, पार्लमेंटाने १८१३ सालच्या सनदेत धर्मोपदेशकांना वाट मोकळी केली होती, आणि १८१४ साली मुंबईत राहण्याची परवानगी त्यांना मिळाली.

पुढल्याच वर्षी नॉट प्रकृती ढासळल्यामुळे मायदेशी परतला. न्यूएल येऊन मिळाला होता, तो १८२१ साली पटकीने गेला. मागून आणखी माणसे आली, काही वारली, काही परतली. हॉल राहिला.

तेरा वर्षे. रोज मुंबईच्या रस्त्यांत, देवळांसमोर, बाजारांत उभे राहून मराठीत बोलावयाचे. हसणारे हसत, वाद घालणारे वाद घालीत, काही सभ्यपणे ऐकून घरी जात. मराठी शिकण्यास साधने तरी काय होती? केरीसाहेबाचे १८०५ चे व्याकरण व १८१० चा कोश, दोन्ही श्रीरामपूरचे, म्हणजे मराठी मुलखापासून कितीतरी दूर तयार झालेले. बाकी सारे शिक्षण पंतोजीच्या तोंडून आणि बाजारातल्या कानांनी. १८१७ पासून मिशनाच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली, नव्या कराराचे भाषांतर एकेका पुस्तकाने पुढे सरकू लागले. आणि एवढे होऊन बाप्तिस्मा घेणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. १८१९ साली पहिला बाप्तिस्मा झाला तो हैदराबादकडून आलेल्या एका मुसलमान गृहस्थाचा. ज्या मराठी हिंदू समाजासाठी भाषा शिकली, छापखाना घातला, त्यातून जवळजवळ कोणी आले नाही.

व्यापारात तेरा वर्षे असा ताळेबंद निघाला तर दुकान बंद करतात. हॉलने काय केले? त्याने शाळा वाढविल्या.

ह्या शाळा मुंबई बेटावर सुरू झाल्या आणि पाहता पाहता मिशनाचे हे काम खाडीपलीकडे, कोकणपट्टीत गेले. रेवदंडा, चौल, अलीबाग ही नावे त्यात येतात. हा किनारा तेव्हा एका हाताखाली नव्हता. पेशवाई बुडाल्यावर रेवदंडा इंग्रजांकडे आला होता, तर शेजारचे अलीबाग आंग्र्यांकडे होते, आणि ते संस्थान १८४० साली खालसा होईपर्यंत तसेच राहिले. मुंबईहून पडावाने यावयाचे, वाऱ्याच्या मर्जीने उतरावयाचे, आणि मग वाळूतून, नारळी-पोफळीच्या आगरांमधून पायी एकेका गावी जावयाचे. शाळा म्हणजे एखादी पडवी किंवा ओटा. मुलांपुढे धूळपाट्या. मोडी, उजळणी, हिशेब हे नेहमीचे शिक्षण, आणि त्याच्या जोडीला दहा आज्ञा व छापील प्रश्नोत्तरे. शिकविणारे ख्रिस्ती नव्हते. असणार तरी कोठून? पंतोजी ब्राह्मण असत किंवा बेने इस्राएल असत. बायबलातील धडे शिकवावयाचे ते ज्याचा त्यावर विश्वास नाही अशा माणसाने, ही व्यवस्था अनेकांना विपरीत वाटे, आणि ती तशी होतीही. परंतु पंतोजीला मिळणारे वेतन मुलांच्या संख्येवर व परीक्षेवर अवलंबून असल्यावर आपल्याला न पटणारा धडाही तो चोख पाठ करून घेई. पोट आणि प्रामाणिकपणा ह्यांची सांगड अशी अनपेक्षित ठिकाणीही जमते.

बेने इस्राएलांचा उल्लेख आला, तेव्हा ह्या किनाऱ्यावरील त्यांच्या कहाणीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. अलीबागेजवळ नवगाव येथे फार पूर्वी एक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. भाषा मराठी, पोशाख मराठी, आडनावे गावावरून पडलेली, धंदा बहुतेकांचा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू भाषा विसरली गेली होती. तरी शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'ईश्वर एक आहे' ही घोषणा एवढे त्यांनी शतकानुशतके सोडले नाही. मिशनऱ्यांना त्यांच्याविषयी विशेष आशा वाटावी हे साहजिक होते. जुना करार ज्यांचा आहे त्यांना नव्या करारापर्यंत आणणे सोपे, असा तो हिशेब. म्हणून त्यांच्या मुलांना शाळांत जागा मिळाली, त्यांच्यातले पंतोजी नेमले गेले, मराठीतून जुन्या कराराची पुस्तके त्यांच्या हाती पडली. पुढे स्कॉटिश मिशनाच्या जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली हिब्रूचे मराठी व्याकरणही रचले.

हिशेब चुकला. बेने इस्राएलांपैकी ख्रिस्ती झाले असे फारच थोडे. ज्यांना ह्या शाळांत वाचता येऊ लागले ते आपल्या वाडवडिलांचा धर्म वाचू लागले. कोचीनकडून आलेल्या यहुदी शिक्षकांचाही ह्या कामी मोठा हात होता, पण शाळांचा वाटा त्या समाजाच्या इतिहासकारांनी मोकळ्या मनाने मान्य केला आहे. रेवदंड्याचे बेथ एल सभास्थान १८४२ सालचे, अलीबागेचे मागेन आबोथ १८४८ चे. मिशनऱ्यांनी पेरले एक आणि उगवले दुसरे. ख्रिस्ती माणसाने ह्याला अपयश म्हणावे काय? संकुचित दृष्टीने पाहता म्हणावे लागेल. परंतु ज्या लोकांस आपल्या देवाचे नाव तेवढे ठाऊक होते आणि त्याचे वचन वाचता येत नव्हते, त्यांना ते वाचता आले, ह्यात देवाचे काही नुकसान झाले असे म्हणण्यास मोठे धैर्य लागेल.

ह्याच खाडीच्या दुसऱ्या तीरावर, कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लई आहे, आणि तेथली कथा हॉलच्या कथेशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. चौल-रेवदंड्यास पोर्तुगीजांचे ठाणे दोनशे वर्षांहून अधिक होते. तटाच्या आत चर्चे होती, मठ होते, घंटा वाजत होत्या. १७४० साली ते ठाणे मराठ्यांच्या हाती आले. ज्यांना जाता येण्याजोगे होते ते गोव्याकडे गेले. मागे राहिले ते हातावर पोट असलेले स्थानिक ख्रिस्ती. ते किल्ल्याच्या डोंगराखाली कोर्लईस वसले. राज्य गेले, आश्रय गेला, श्रीमंत सहधर्मी गेले, आणि ह्या लोकांची मूठभर वस्ती भोवतालच्या मराठी मुलखात उरली. त्यांनी धर्म सोडला नाही. इतकेच नव्हे, तर पोर्तुगीज व मराठी ह्यांच्या मिश्रणातून घडलेली आपली बोलीही सोडली नाही. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. सुमारे हजार माणसांच्या तोंडी ती आजही आहे, आणि दूरदेशीचे भाषापंडित ती टिपून घेण्यासाठी कोर्लईस येऊन गेले आहेत.

ह्या कोर्लईकरांना कोणी सेलमसारखी दीक्षा दिली नाही. त्यांच्यापुढे वुडबरी व मुंबई अशी निवड नव्हती. निवड होती ती एवढीच की उद्या सकाळी उठून जाळे ओढावयाचे किंवा शेतात उतरावयाचे, आणि संध्याकाळी प्रार्थना म्हणावयाची की नाही. पाचारण म्हणजे जाणे, असा अर्थ आपण सहसा घेतो, कारण जाणाऱ्यांची चरित्रे लिहिली जातात. राहणाऱ्यांची कोण लिहिणार? पण तास सरळ ठेवण्याचे काम तेथेही होते, आणि नांगर बहुधा दुसऱ्याचा होता.

हॉलकडे परत यावयाचे ते त्याच्या अखेरच्या प्रवासासाठी. १८२६ च्या मार्चमध्ये, ऊन तापू लागले असता, तो दोन ख्रिस्ती मुलगे सोबत घेऊन घाटावर नाशिककडे निघाला. नाशकास पोचला तो तेथे पटकीचा कहर चालला होता. फिलाडेल्फियात शिकलेले थोडे वैद्यक आणि बरोबर आणलेली औषधाची पेटी, दोन्ही त्याने तेथे वापरली. पुस्तके वाटावयास आणली होती, ती मागे पडून औषधे वाटली गेली. परतीच्या वाटेवर एका लहान गावी देवळाच्या ओसरीवर मुक्काम होता. २० मार्चच्या पहाटे पुढे निघण्याची तयारी करीत असता त्यालाच पटकीने गाठले. पेटीत औषध फारसे शिल्लक नव्हते. काही तासांतच त्याचा अंत झाला. वय एकेचाळीस. जवळ एकही देशबंधू नव्हता. त्या दोन मुलांनी खड्डा खणविला, पेटी मिळण्यासारखी नव्हती म्हणून अंगावरच्या घोंगडीत त्याला गुंडाळले, पुरले, आणि मुंबईची वाट धरली.

त्याच वर्षी मुंबईस संपूर्ण नवा करार मराठीत छापून पुरा झाला.

ह्या छापखान्याचीही गत रेवदंड्याच्या शाळांसारखीच झाली, हे येथे सांगितले पाहिजे. सुवार्तेसाठी घातलेल्या त्या छापखान्याकडे पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून काढले. त्याच मिशनाच्या छापखान्यात लहानपणी हातांनी काम शिकलेले जावजी दादाजी, त्यांनी १८६९ साली निर्णयसागर काढला आणि संस्कृत धर्मग्रंथ इतके सुबक छापले की काशीच्या पंडितांनीही ते घ्यावेत. हॉल असता तर त्याला हे कितपत रुचले असते, सांगवत नाही. तो आपल्या काळाचा मनुष्य होता, हिंदूंच्या उपासनेविषयी त्याची मते कठोर होती, आणि ती आज वाचताना ख्रिस्ती वाचकासही संकोच वाटतो. परंतु ज्याने सर्वस्व देऊन टाकले त्याला त्या दानाच्या विनियोगावर हक्क सांगता येत नाही. अर्धे दिलेल्या माणसाचा हात उरलेल्या अर्ध्यावर असतो, आणि म्हणून त्याची नजरही सारखी तेथेच असते. पुरते दिलेल्याला विचारावयाचे तरी कोणी?

इथवर हिशेब सोपा होता, कारण देणारा एकच धरला होता. पण अलीशाने कापले ते बैल त्याच्या एकट्याचे होते काय? मागे आईबाप होते, त्यांचेही ते शेत होते. हॉलने १८१६ साली मुंबईत मार्गारेट लुईस ह्या इंग्रज स्त्रीशी विवाह केला होता. मुंबईची हवा युरोपियन मुलांना कशी मानवते हे तेव्हाच्या कबरस्तानात गेल्यावर दिसे. १८२५ साली उरलेल्या दोन मुलग्यांच्या जिवासाठी तिने त्यांना घेऊन अमेरिकेस जावे असे ठरले. हॉलनेही बरोबर जावे असे अनेकांनी सुचविले. तेरा वर्षांनंतर थोडी विश्रांती घेण्यास कोणी नावे ठेवली नसती. तो गेला नाही. काम अर्धवट होते आणि माणसे अपुरी होती. जहाज निघाले, आणि त्या प्रवासातच थोरला मुलगा वारला.

पतीचे पाचारण पत्नीच्या घरावर कसे येऊन आदळते, हे मराठी वाचकास लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तून ठाऊक आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हाक त्यांनी ऐकली होती, बाईंनी नव्हती. त्यांची त्यांना ऐकू येण्यास पाच वर्षे लागली, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मधल्या वर्षांतील ताटातुटीचे वर्णन त्यांनी स्वतःच्या लेखणीने, रडत नाही आणि लपवीतही नाही, असे करून ठेवले आहे. मार्गारेट हॉलचे तसे पुस्तक नाही. ती ज्या देशात निघाली होती तो तिच्या पतीचा देश होता, तिचा नव्हता. तिने त्या देशाचा किनारा पूर्वी पाहिलेला नव्हता, आणि ती तेथे उतरली ती एका मुलासह. हा धाकटा मुलगा पुढे वाढला, बापाचेच नाव लावून अमेरिकेत पाळक झाला, आणि वुडबरीसारख्या मंडळीत त्याने आयुष्य घालविले.

मुंबईहून अमेरिकेस पत्र जाण्यास त्या काळी चार-पाच महिने लागत. मार्चच्या विसाव्या तारखेस नाशिकच्या वाटेवर दोन मुलांनी माती लोटली, ती गोष्ट एप्रिलात, मे महिन्यात, जूनमध्ये मार्गारेटला ठाऊक असणे शक्य नव्हते. मुलाच्या मृत्यूची बातमी घेऊन एक पत्र पूर्वेकडे निघाले होते. पतीच्या मृत्यूची बातमी घेऊन दुसरे पश्चिमेकडे. दोन्ही शिडांच्या जहाजांवर होती, आणि मध्ये सगळा समुद्र होता.